गाण्याला नाचावयास लावण्याची कला

लग्नाची वरात किंवा गणपतीची मिरवणूक घराजवळून जाऊं लागली म्हणजे सुशिक्षित घरांतील खिडक्या धडाधड लागतात आणि आंतून एकच उद्गार निघतो, "काय हा धांगडधिंगा!" हा उद्गार अगदीं अकारण असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा आपण असा एका शब्दांत निकाल लावतों, तिच्यांत दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, एखादें गाणें उसवून, त्याला नाचण्याजोगा जोरकस ठेका देऊन तें पुन्हां नव्यानें शिवण्याची कला. आणि दुसरी, तें गाणें भिंतीएवढ्या कर्ण्यांच्या रांगेंतून कानठळ्या बसेपर्यंत वाजविण्याची खोड. पहिलीचा थोडा अभ्यास केला तर असें आढळतें कीं तिला दुसरीची गरज नाहीं. किंबहुना दुसरी ही पहिलीची वैरीण आहे. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी या कलेच्या नादीं लागली असेल, तर वडीलधाऱ्यांना हा भेद ठाऊक असणें अगत्याचें आहे. या लेखाचा हेतु तेवढाच.

तीन तालांचीं शेजारें

कल्याण स्टेशन मागें टाकून गाडी कर्जतच्या दिशेनें निघाली म्हणजे विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें ओळीनें लागतात. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ सालीं तिला हें नांव मिळालें. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील, शिलाहारांच्या अमदानींतलें. महाशिवरात्रीला तेथें मोठी यात्रा भरते. बदलापुरास मुंबईच्या चाळी सोडून आलेलीं अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत.

पंधरा-वीस मिनिटांच्या या प्रवासांत तालांचीं तीन बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं नांदतात. सिंधी मंडळींच्या मंगलप्रसंगीं ढोल व शहनाईच्या साथीनें ‘छेज’ नांवाचा टिपऱ्यांचा नाच होतो. आसपासच्या आगरी गांवांतून हळदीची रात्र म्हणजे लग्नांतील नाचाचा सर्वांत मोठा प्रसंग. त्याच समाजांत लग्नविधीच्या वेळीं धवलारीण बाई धवलगीतें गाते, आणि त्या विधींत तिचा मान पुरोहिताच्या तोडीचा असतो. पहाटेच्या लोकलगाडींत चाकरमान्यांचीं भजनी मंडळें टाळ वाजवीत मुंबईची वाट धरतात. चैत्र-वैशाखांतील लग्नसराई, भाद्रपदांतील गणपति आणि आश्विनांतील नवरात्र असे हंगाम एकामागून एक येत असतात, आणि ज्याला लोक ‘डीजे’ म्हणतात त्या तरुणाला हे सारे ताल एकाच संगणकावर संभाळावे लागतात.

येथें दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. ‘डीजे’ म्हणजे मूळचा ‘डिस्क जॉकी’, तबकड्या निवडून लावणारा माणूस. आपल्याकडे मात्र हा शब्द माणसावरून घसरून कर्ण्यांच्या भिंतीवर जाऊन बसला. त्याहून गंमत ‘डॉल्बी’ या शब्दाची. रे डॉल्बी या अमेरिकन संशोधकानें १९६५ सालीं लंडनमध्यें आपली संस्था काढली, ती ध्वनिफितींतील नकोशी खरखर कमी करण्यासाठीं! गोंगाट घालविण्यासाठीं ज्यानें आयुष्य वेंचलें, त्याचेंच नांव महाराष्ट्रानें गोंगाटाला द्यावें, यापरता दैवदुर्विलास कोणता?

ही कला आली कोठून

जमैका बेटावर १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तबकडीच्या एका बाजूस गाणें आणि दुसऱ्या बाजूस त्याच गाण्याचा गायनाविरहित ठेका देण्याचा प्रघात पडला. किंग टबी या नांवानें प्रसिद्ध असलेले ऑसबर्न रडॉक हे विजेचीं यंत्रें दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनीं अशा ठेक्यांत कोठें ढोल उचलावा, कोठें सूर पुसून टाकावा, कोठें एखाद्या शब्दाचा प्रतिध्वनि उठवावा, याचें एक नवें शास्त्रच उभें केलें. इकडे न्यूयॉर्कमध्यें टॉम मोल्टन यांच्या असें ध्यानांत आलें कीं, नाचणाऱ्यांना जरा रंग चढतो न चढतो तोंच तीन मिनिटांचें गाणें संपतें. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं फीत कापून व जोडून गाणीं लांबविण्यास सुरुवात केली. पुढें अशा गाण्यांसाठीं बारा इंची तबकडी वापरांत आली. तिच्यावर खोबणी रुंद पाडतां येत असल्यामुळें खर्जाचा आवाज भरदार उमटूं लागला. १९७६ सालीं वॉल्टर गिबन्स यांनीं ‘टेन पर्सेंट’ या गाण्याचें जें लांब रूप सिद्ध केलें, तें अशा तबकडीवर बाजारांत सर्वांसाठीं विक्रीस आलेलें पहिलें गाणें मानतात.

या इतिहासांत मुंबईचेंहि एक मानाचें पान आहे. हिंदी चित्रपटसंगीतांत गिटार व विद्युत्-वाद्यें वाजविणारे चरणजीत सिंग यांनीं १९८२ सालीं जपानी रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें घेतलीं: एक ठेका धरणारें, एक खर्जाची सुरावट वाजविणारें आणि एक स्वर उमटविणारें. त्यांवर त्यांनीं यमन, भैरव, तोडी, मालकंस इत्यादि दहा राग एकसारख्या डिस्को ठेक्यावर बसवून ध्वनिमुद्रित केले. त्या काळीं तबकडीकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती हॉलंडमधून पुन्हां प्रकाशित झाली, तेव्हां पाश्चात्य श्रोते थक्क झाले. कारण शिकागो शहरांत १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाऊस’ या नांवानें ज्या संगीताचा गाजावाजा झाला, त्याच्याशीं या तबकडीचें विलक्षण साम्य होतें. चरणजीत सिंग २०१५ सालीं मुंबईंत निवर्तले. रागाची चौकट न मोडतां यंत्राचा ठेका पेलतां येतो, हें त्यांनीं आपल्याच प्रांतांत, कोणाचें अनुकरण न करतां दाखवून दिलें होतें.

पुढें जुन्या गाण्यांवर नवा ठेका चढविण्याचें वेड भारतभर पसरलें. १९७२ च्या ‘समाधि’ चित्रपटांतील लतादीदींनीं गाइलेलें ‘कांटा लगा’ हें गाणें २००२ सालीं अशा नव्या वेषांत आलें, आणि त्यावर जितका नाच झाला तितकाच वादहि झाला. त्या वादाकडे आपण शेवटीं वळूं. आधीं कारखान्यांत डोकावूं.

गाणें उसवणें

समजा, एका तरुणाच्या हातीं एक जुनें लग्नाचें गाणें आलें. त्याची लय मिनिटास १०० ठोक्यांची आणि गायिकेचा षड्ज हार्मोनियमच्या पांढरी पांचचा. नाचघरांतील लय सामान्यतः मिनिटास १२० ते १३० ठोक्यांची असते. आपल्या तरुणानें १२८ ची निवडली. येथेंच पहिली अडचण उभी राहते. तबकडीचा वेग वाढविला म्हणजे लयीबरोबर सूरहि चढतो, हें ज्या घरांतून फोनो वाजत असे तेथील वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. १०० ची लय १२८ केली, तर षड्ज शुद्ध गंधाराच्याहि किंचित् वर जाऊन बसेल आणि प्रौढ गायिका बाहुलीच्या आवाजांत गाऊं लागेल. संगणक यावर तोड काढतो. तो आवाजाचे सेकंदाच्या कांहीं शतांशांएवढे बारीक तुकडे करतो आणि ते एकमेकांवर चढवून, निऱ्या घालाव्या तसे, पुन्हां रचतो. सूर जागच्या जागीं राहतो आणि काल तेवढा आकसतो. परंतु निऱ्या फार दाट झाल्या म्हणजे वस्त्राची नक्षी दिसेनाशी होते. तद्वत् येथेंहि व्यंजनें पुसट होतात, मींड दातेरी होते. म्हणून जाणता कारागीर २८ टक्क्यांची ओढाताण टाळतो. त्यापेक्षां मिनिटास ६४-६५ ठोक्यांचें संथ गाणें मिळालें तर तो खूष होतो. कारण तेथें गायिका आपल्या निवांत लयींत गात राहते आणि खालचा ठेका दुगुनीनें १२८ चा चालतो. दुगुन ही कल्पना आपल्या तबल्या-पखवाजाला नवी नाहीं.

दुसरी अडचण माणुसकीची. जुनीं गाणीं हाडामांसाच्या वादकांनीं वाजविलेलीं असतात. रंग चढला म्हणजे ढोलकीवाला किंचित् पुढें सरतो, गायिकेनें शब्द लांबविला म्हणजे किंचित् थांबतो. यंत्राचा ठोका मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून मूळ गाण्याचें एकेक आवर्तन पकडून त्याची सम यंत्राच्या समेवर आणून बसवावी लागते. हें काम शिलाईकामासारखें चिकाटीचें आहे. एका गाण्याला यांतच दिवस जातो.

तिसरी अडचण आवाज वेगळा काढण्याची. गायन व वादन एकाच पट्टींत मिसळून मुद्रित झालेलें असेल, तर तें वेगळें करणें पूर्वीं जवळजवळ अशक्य होतें. २०१९ सालीं फ्रान्समधील डीझर या कंपनीनें ‘स्प्लीटर’ नांवाची संगणकीय युक्ति सर्वांस विनामूल्य खुली केली. हजारों गाणीं ऐकवून तयार केलेला हा संगणक, दुधांतून पाणी निवडणाऱ्या हंसाप्रमाणें, कंठ एकीकडे व वाद्यें एकीकडे करतो. हंसाचेंहि कधीं कधीं चुकतें. झांजेचा अंश कंठाला चिकटून राहतो, तो कारागिरानें हातानें झाडावा लागतो.

चौथी अडचण आमच्या कोंकणपट्टीची खास आहे. अनेक कोळीगीतें व लग्नांतील पारंपरिक चाली तीन-तीनच्या झोल्यावर चालतात. होडी लाटेवर डुलावी तसा तो झोला असतो. पाश्चात्य नाचाचा ठेका मात्र चार-चारच्या खणांत चालणारा. १२८ च्या लयींत एक ठोका सेकंदाच्या सुमारें ४६९ सहस्रांशांचा असतो. त्याचे चार सारखे भाग पाडून वर झांज वाजविली आणि गायिका मात्र त्याच ठोक्याचे तीन भाग करून गात राहिली, तर गाणें लंगडूं लागतें. नवशिक्याला आपलें कोठें चुकतें हेंच कळत नाहीं, आणि तो आवाज वाढवून चूक झांकूं पाहतो. जाणता ठोका तसाच ठेवून त्याच्या पोटांत १५६ सहस्रांशांचे तीन कप्पे करतो आणि झांजेला त्या कप्प्यांतून चालावयास लावतो. वर विलायती चाल, आंत आगरी झोला! हळदीच्या मांडवांतील आजीबाईंचे पाय जेव्हां आपोआप हलूं लागतात, तेव्हां तें श्रेय बहुधा या तीन कप्प्यांचें असतें.

ठेक्याची बांधणी

अशा गाण्याचा पाया म्हणजे प्रत्येक मात्रेवर पडणारा खोल ढोलाचा ठोका. हा ठोका नुसता ‘धम्’ नसतो. त्याला सूर असतो. तबला जसा गायकाच्या षड्जाला मिळवावा लागतो, तसा हाहि मिळवावा लागतो. आपल्या गायिकेचा षड्ज पांढरी पांचचा. त्याच स्वराचें अगदीं खालचें रूप सेकंदास ४९ आंदोलनांचें. ठोका तेथें किंवा त्याच्या पंचमावर लावला म्हणजे गाणें जमिनींतून उगवल्यासारखें वाटतें. भलत्याच स्वरावर राहिला तर श्रोत्यांस कारण कळत नाहीं, पण कांहींतरी खुपत राहतें.

या ठोक्याच्या सोबतीला खर्जाची सुरावट असते. दोन्ही एकाच खोलींत राहणारीं, म्हणून भांडण ठरलेलें. त्यावर उपाय असा कीं, ठोका पडला कीं त्या क्षणापुरतें सुरावटीनें मागें सरावें व ठोका ओसरतांच पुन्हां पुढें यावें. वडील माणूस दारांतून आंत येतांना धाकट्यानें अंग चोरून वाट द्यावी, तसा हा प्रकार. या सततच्या मागेंपुढें होण्यानें गाण्याला श्वासोच्छ्वास येतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी पडते. आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यें, जेथें कांहींच नाहीं असें वाटतें, तेथें झांज चमकते. पाय खालीं टेकतो तो ठोक्यावर; पण तो वर उचलला जातो तो या झांजेवर. नाचण्याची ऊर्मि ठोक्यांत जितकी आहे, तितकीच दोन ठोक्यांमधील रिकाम्या जागेंत आहे.

वीस खणांचें घर

आतां या साहित्याची इमारत पाहूं. १२८ च्या लयींत ३२ मात्रांना बरोबर १५ सेकंद लागतात. ३२ मात्रा म्हणजे आपल्या त्रितालाचीं दोन आवर्तनें. या ३२ मात्रांस एक खण म्हणूं. पांच मिनिटांचें गाणें म्हणजे वीस खणांचें घर झालें.

पहिले दोन खण नुसत्या ठेक्याचे, ही ओसरी. आधींचें गाणें संपवून यांत येणाऱ्याला येथें पाय ठेवावयास जागा लागते. तिसऱ्या खणांत खर्ज येतो. पुढचे चार खण मुखडा व अंतऱ्याचे. आठव्या खणांत मौज सुरू होते. खालचा ठोका काढून घेतात. स्वरांतील खर्जाचा अंश हळूहळू गाळीत नेतात. ताशासारखा एक बोल आधीं मात्रेला एक, मग दोन, मग चार असा दाट होत जातो. सारें आतां फुटणार असें वाटतें, आणि नेमक्या शेवटच्या मात्रेला सारें थांबतें. एक मात्रा निःशब्द! आणि मग नवव्या खणाच्या समेवर ढोल, खर्ज, झांज एकदम कोसळतात. दोन खण हा जल्लोष चालतो. अकरावा-बारावा खण विसाव्याचा: नुसता कंठ आणि मागें तंबोऱ्यासारखा एक अखंड सूर. तेराव्यांत पुन्हां चढण, चौदा ते सतरा या चार खणांत मुखड्यासह सर्वांत मोठा जल्लोष, अठरावा उतरणीचा, आणि शेवटचे दोन पुन्हां नुसत्या ठेक्याचे, म्हणजे परसदार. दुसऱ्या गाण्यानें तेथून आंत यावें.

वाचकहो, हें सारें आपणांस खरोखरच अपरिचित आहे काय? मंगळागौरीची फुगडी संथ सुरू होते, वेग वाढतो, आणि हात सुटण्यापूर्वींचा तो एक क्षण सर्वांचा श्वास रोखून धरतो. तबलजी तिहाईचे दोन तुकडे टाकून तिसऱ्यासाठीं श्रोत्यांना ताटकळत ठेवतो. भजनाच्या अखेरीस गजर चढत जातो आणि टाळ एकदम थांबतात. समेची वाट पाहावयास लावणें हेंच या सर्वांचें मर्म. ज्या घरांतून ताल ओळखण्याचे संस्कार झालेले आहेत, तेथील मुलाला ही विद्या शिकतांना अर्धी वाट चालून गेल्यासारखेंच असतें.

जोर आणि गोंगाट

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. वरील घरांत जोर कोठून आला? अकराव्या-बाराव्या खणांतील शांततेमुळें चौदावा खण मोठा वाटला. एका मात्रेच्या मौनामुळें पुढचा ठोका भूकंपासारखा वाटला. जोर हा तुलनेंतून येतो. संगणकाच्या ध्वनिपट्टीला वर एक पक्कें छत असतें. त्यापलीकडे आवाज जातच नाहीं. प्रत्येक क्षण त्या छताला टेकवून ठेवला, तर शांत आणि जोरकस यांतील अंतरच नाहींसें होतें आणि लहरींचे माथे चिरडून आवाज फाटतो. शिवाय स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या ठिकाणीं गाणें वाजतांना प्रमाणाबाहेर मोठें असेल तर आपोआप खालीं आणलें जातें. तेव्हां छताला चिकटविलेल्या गाण्याचा मोठेपणा तेथें उरत नाहीं. फाटकेपणा मात्र उरतो.

कानाचाहि एक धर्म आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतां आपल्या कानास खर्ज कमी ऐकूं येतो आणि आवाज वाढला कीं खर्ज अधिक भरदार वाटूं लागतो. म्हणून मोठ्या आवाजावर काम करणाऱ्याची फसगत होते. त्याला सारेंच छान वाटतें, आणि तेंच गाणें दुसऱ्या दिवशीं लहान आवाजांत पोकळ निघतें. अनुभवी कारागीर बहुतेक काम बोलण्याच्या आवाजाएवढ्या पातळीवर करतो आणि मोठा आवाज पारखण्यापुरता घटकाभर लावतो.

आणि कान हें तर त्याचें भांडवल. प्रत्येक कानाच्या आंत शंखासारख्या नळींत सुमारें पंधरा हजार केसाळ पेशी असतात. मनुष्यांत त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेचा नियम असा कीं, ८५ डेसिबल आवाजांत दिवसाला आठ तासांहून अधिक राहूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. या हिशेबानें १०० डेसिबलला मुदत उरते अवघी पंधरा मिनिटें! मिरवणुकींत कर्ण्यांच्या भिंतीपुढें तासन् तास नाचणाऱ्यांनीं, आणि तिच्यामागें उभें राहून पोट भरणाऱ्यानें, हा हिशेब एकदां तरी मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं नाचघरांसाठीं जी मर्यादा सुचविली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीनें १०० डेसिबलची. आणि तेथें कानांस विसावा देणारी शांत जागा व कानांतील बोळे असावेत असेंहि सुचविलें.

शेजाऱ्यांचें दुःख आणखी निराळें. ४९ आंदोलनांच्या स्वराची एक लहर सुमारें सात मीटर लांब असते. तिला विटांची भिंत म्हणजे कांहींच नाहीं. कंठ, झांज, टाळी हें सारें भिंत अडवून ठेवते आणि शेजारच्या आजाऱ्याच्या खोलींत पोहोंचतो तो निव्वळ धक्का. म्हणजे गाण्यांत जें गाणें आहे तें बाहेर राहतें आणि जें गाणें नाहीं तेवढेंच आंत येतें. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सण-उत्सवांसाठीं राज्य सरकार वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. ५५ आणि १०० या आंकड्यांतील अंतर कागदावर लहान दिसतें. पण डेसिबलच्या गणितांत दर १० ला शक्ति दहापट होते. तेव्हां हें अंतर तीस हजारपटींहून अधिक आहे. मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१६ मधील निकालांत, ध्वनिक्षेपक वापरणें हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, असें स्पष्ट केलें आहे.

गाणें कोणाचें

राहिला प्रश्न मालकीचा. २००२ सालच्या वादांत अनेक बुजुर्गांची तक्रार होती ती हीच, कीं आमच्या गाण्याला आम्हांस न विचारतां नवें लुगडें नेसविलें. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत २०१२ सालीं सुधारणा झाली. तिच्यान्वयें एखादें गाणें पुन्हां नव्यानें गाऊन-वाजवून काढावयाचें असेल, तर मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षीं झालें त्या वर्षाच्या अखेरीपासून पांच वर्षें थांबलें पाहिजे, आगाऊ सूचना व मानधन दिलें पाहिजे, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ काव्यांत वा चालींत फेरफार करतां कामा नये. मूळ गायिकेचा मुद्रित कंठच उचलावयाचा असेल, तर त्या मुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें टिकतो, तर कवीचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरहि साठ वर्षें. घरच्या संगणकावर सरावासाठीं केलेली कलाकृति जगापुढें ठेवण्यापूर्वीं तरुणांनीं हें जाणून घ्यावें. यूट्यूबवर मूळ कंठ ओळखणारी यंत्रणा २००७ सालापासून आहे. तेथें लपवाछपवी चालत नाहीं.

याच्या उलट एक अगदीं निष्कंटक वाट आहे, आणि ती आमच्या या तीन शहरांच्या दारांतच आहे. धवलारणीच्या कंठांतील परंपरागत गाणें कोणा कंपनीच्या मालकीचें नाहीं. हळदीच्या रात्रीं यंत्राचा ठेका सुरू झाला म्हणजे पहिला बुडतो तो तिचाच कंठ. एखाद्या तरुणानें तिच्याकडे जाऊन, तिची संमति घेऊन, तिला योग्य बिदागी देऊन तो कंठ शांत खोलींत मुद्रित केला आणि वर वर्णिलेल्या घराच्या अकराव्या-बाराव्या खणांत सन्मानानें बसविला, तर जी गोष्ट ती बुडवीत होती तीच तिला तारील. सिंधी वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या लग्नगीतांविषयींहि हेंच म्हणतां येईल. अशा गाण्यावर गाणारीचें नांव मात्र विसरतां कामा नये.

घरांतील वडिलांस दोन शब्द

आपला मुलगा वा मुलगी रात्रीं उशिरांपर्यंत संगणकापुढें बसून एकच ठोका दोनशें वेळां ऐकत असेल, तर चिडूं नये. तबल्याचा एकच बोल महिनाभर घोटणाऱ्याच्या शेजाऱ्यांनींहि हें सोसलेलें आहे. त्याला चार प्रश्न मात्र अवश्य विचारावे. ठोका षड्जाला मिळविला आहेस काय? ही चाल तीनची कीं चारची, तें ओळखलेंस काय? ज्याचा कंठ घेतलास त्यास विचारलेंस काय? आणि तुझें गाणें, शेजारच्या खोलींत बाळ निजलें असतां, बोलण्याएवढ्या आवाजांत लाविलें तरी पाय हलवितें काय?

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें अभ्यासानें सुधारतात. चौथ्याचें उत्तर ‘होय’ आलें, तर समजावें कीं तो कारागीर झाला. आणि ज्याला कारागिरी साधली त्याला कर्ण्यांच्या भिंतीचा आधार लागत नाहीं. असो. मिरवणुकीच्या दिवशीं आपण खिडक्या लावतों त्या खुशाल लावाव्या. परंतु त्या लावतांना, बाहेरच्या गोंगाटाबरोबर आंतल्या मुलाची विद्याहि बाहेर लोटली जाणार नाहीं, एवढी काळजी घ्यावी.